माझा नंबर कितवा?

आधीच सांगते, ही पोस्ट सात लाखांच्या घड्याळाबद्दल आहे. ज्यांना इथेच ‘नसती थेरं’ वाटली त्यांनी खुशाल पुढे सरकावं, राग नाही. माझ्या आईलाही तसंच वाटलं. ‘वेळ काय, मोबाइलवर पण दिसते,’ असं ती म्हणाली आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या सीएच्या प्रॅक्टिसला पंचवीस वर्षं झाली. कर्वे रोडवर एका दवाखान्यामागची खोली, एक टेबल आणि एक सेकंडहँड कॉम्प्युटर, एवढ्यावर सुरुवात केली होती. लोकांचे पैसे मोजण्यात पंचवीस वर्षं गेली, आता स्वतःचे थोडे उडवावेत म्हणून एक स्विस घड्याळ घ्यायचं ठरवलं. साधंच. स्टीलचं, काळ्या डायलचं, ३६ मिलीमीटरचं, तारीखसुद्धा न दाखवणारं. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. एक तर भांडण एकट्या त्यांच्याशी नाही, आणि दुसरं म्हणजे माझं नाव अजून त्यांच्या यादीत आहे. म्हणजे, आहे असं ते म्हणतात.

दुकानात शिरलो. दारात गार्ड, आत गालिचा, बसायच्या आत कॉफीची विचारणा. सेल्समन नवऱ्याकडे बघून म्हणाला, “सर, आपल्यासाठी?” नवरा गेली दहा वर्षं मनगटाला काहीही बांधत नाही. त्याने बोट माझ्याकडे केलं. मग लेडीज कलेक्शनचा ट्रे आला, हिऱ्यांची किनार वगैरे. मी म्हटलं, हे नको, ते काचेत आहे ना, ते द्या.

“ते डिस्प्लेसाठी आहे मॅडम.”

“मग विकायचं कुठंय?”

“सध्या नाहीये.”

“कधी येईल?”

“सांगता नाही येणार.”

“ठीक आहे, नाव लिहून घ्या.”

नाव लिहून घेतलं, पॅन घेतला, हौसेने काय काय आवडतं तेही विचारलं. मी पुणेरी बाई, पावती मागितली. पावती नसते. मग विचारलं, “बरं, माझा नंबर कितवा?”

तो पोरगा हसला. उद्धटपणे नाही, एखाद्या लहान मुलीने देव कुठे राहतो विचारल्यावर हसावं तसा. “तसा नंबर नसतो मॅडम. रिलेशनशिप बिल्ड होत गेली की आपण प्रायॉरिटी देतो.” आणि मग आवाज खाली आणून, “आमच्याकडून आधी काही घेतलंय का? दुसऱ्या ब्रँडचं, ज्वेलरी वगैरे? सोन्यातलं बघणार असाल तर तेही लगेच होऊ शकेल.”

सोन्यातलं स्टीलच्या चौपट किमतीचं, आणि ते लगेच. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे मोल छापलेलं आहे, मी ते द्यायला तयार आहे, आणि तेच कुणी घेत नाही.

ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात गॅसचं कनेक्शन घेतलंय त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. आम्ही घेतलं तेव्हा एजन्सीवाल्याने सिलिंडरबरोबर शेगडी गळ्यात मारली होती. घरात चांगली शेगडी होती. ती ‘चालत नाही’ म्हणाला. गरजवंताला अक्कल नसते, बाबांनी मुकाट्याने पैसे दिले. ती दुसरी शेगडी पुढे मावशीच्या लग्नात आहेर म्हणून गेली. एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल, ही अट आपल्या ग्राहक संरक्षण कायद्यात, २०१९च्या कायद्यातसुद्धा, ‘रिस्ट्रिक्टिव्ह ट्रेड प्रॅक्टिस’ म्हणून स्पष्ट नोंदलेली आहे. ग्राहक पंचायत याच गावात जन्मली, १९७४ साली, बिंदुमाधव जोशींनी उभी केली. पण गॅसवाला तोंडावर ‘शेगडी घ्यावीच लागेल’ म्हणायचा, त्यामुळे त्याला धरता तरी यायचं. इथे अट कुणी घालतच नाही. फक्त रिलेशनशिप बिल्ड होते.

आता बजाजच्या चेतक स्कूटरबद्दल. माझ्या डोक्यात त्या दुकानातून बाहेर पडल्यापासून चेतकच फिरतेय.

बाबांनी चेतक नोंदवली तेव्हा मी पहिलीत होते आणि ती दारात आली तेव्हा आठवीत. कारखाना आकुर्डीला, आम्ही सदाशिव पेठेत. मध्ये अंतर वीसेक किलोमीटर, आणि स्कूटर यायला सात वर्षं. बाबा दर दोन-तीन महिन्यांनी डीलरकडे जाऊन रजिस्टरमधला नंबर बघून यायचे. आल्यावर आई विचारायची, “कुठवर आली?” जणू स्कूटर आकुर्डीहून पायी निघालीय आणि सध्या दापोडीला पोचलीय. ज्यांना धीर नव्हता ते ‘ऑन’ देऊन घ्यायचे. छापील किमतीवर रोख रक्कम, आणि नंबर लागलेला माणूस आपली कोरी गाडी त्यांच्या हवाली करायचा. वापरलेली चेतक नव्या चेतकपेक्षा महाग विकली जायची आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटत नसे.

आज या घड्याळांचं डिट्टो तेच आहे. दुकानात ‘सध्या नाहीये’ असलेलं माझं घड्याळ मला मुंबईच्या एका डीलरने फोनवर दहा मिनिटांत दाखवलं. बॉक्स, कार्ड, सगळं. साडेनऊ लाख. शब्द बदललाय, आता ग्रे मार्केट म्हणतात. आमच्या घरात त्याला ऑनच म्हणतात.

पण एक फरक आहे. चेतक मिळत नव्हती कारण किती गाड्या बनवायच्या ते आकुर्डीत ठरत नव्हतं, दिल्लीत परवान्यावर ठरत होतं. कंपनीला बनवायच्या होत्या, सरकार बनवू देत नव्हतं. स्वित्झर्लंडमध्ये कुणी कुणाचा हात धरलाय? रोलेक्सने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की टंचाई ही आमची खेळी नाही, दर्जा सांभाळून मागणीइतकं बनवता येत नाही. मला हे अर्धं पटतं. जाणकारांच्या अंदाजाने ते वर्षाला दहा लाखांच्या वर घड्याळं बनवतात, म्हणजे हातावर मोजण्याइतकी नक्कीच नाहीत, आणि नवा मोठा कारखानाही बांधतायत, तो २०२९ला सुरू व्हायचा आहे. उरलेलं अर्धं पटत नाही, कारण कंपनी एका फाउंडेशनच्या मालकीची आहे. शेअर बाजार नाही, दर तिमाहीला कुणी जाब विचारत नाही. जास्त बनवायची घाई नक्की कुणाला असणार?

गंमत म्हणजे स्टीलच्या महागड्या घड्याळांची ही गोष्ट चेतक बाजारात आली त्याच वर्षी सुरू झाली. १९७२. तिकडे ओदमार पिगे या स्विस कंपनीने रॉयल ओक नावाचं घड्याळ काढलं, सोन्याच्या भावात स्टील, आणि सुरुवातीला ते फारसं कुणी घेईना. आणि २०२१ मध्ये पाटेक फिलिप या दुसऱ्या स्विस कंपनीने आपलं ५७११ हे स्टीलचं मॉडेल बंद करताना टिफनी या अमेरिकन जवाहिऱ्यांच्या खास निळ्या रंगाच्या डायलची १७० नगं काढली. किंमत पन्नासेक हजार डॉलर. त्यातलं पहिलं डिसेंबरमध्ये लिलावात ६५ लाख डॉलरला गेलं. ते पैसे धर्मादाय होते, हे खरं. पण तो आकडा ऐकल्यावर ज्याच्या त्याच्या मनगटावर एकदम शेअर सर्टिफिकेट दिसायला लागलं. २०२२च्या मध्यानंतर हे भाव बरेच उतरले, तरी माझ्यासारखीचा नंबर लागेल इतके काही नाही.

एक मित्र म्हणाला, ड्यूटी कमी होतेय, थांब, स्वस्त होईल. स्वित्झर्लंडसह चार देशांबरोबरचा करार १ ऑक्टोबर २०२५पासून लागू झालाय, स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने जाणार आहे. मूळ शुल्क २० टक्के होतं, शिवाय १८ टक्के जीएसटी. दहा लाखांवरच्या घड्याळाला वर एक टक्का टीसीएस, म्हणजे दुकानदाराने बिलातच वसूल केलेला प्राप्तिकर, तो रिटर्नमध्ये वळता होतो, घाबरू नका. (सवय जात नाही.) पण हिशेब उलटा आहे. छापील किंमत उतरली आणि माल तेवढाच आला, तर छापील आणि ऑनमधली दरी वाढणार, दरी वाढली की रांगेत घुसणारे वाढणार. माझ्या पुढे अजून चार जण.

दुकानदाराची बाजूही ऐकली, एका ओळखीच्याने चहावर सांगितली. त्याच्याकडे अशी नगं मोजकी येतात आणि पडून राहणारा माल भरपूर. पहिल्या येणाऱ्याला दिलं तर उद्या दलाल दहा पोरं रांगेत उभी करतील, आणि ते घड्याळ आठवड्यात ग्रेमध्ये दिसलं तर कंपनी पुढचा कोटा कापेल. म्हणून ते ‘ओळखीच्या’ माणसाला देतात. खोटं नाही हे. दलालांची पोरं तर आपण रेल्वेच्या तत्काळ खिडकीवर आयुष्यभर बघितलीत.

पण मग माझ्या ओळखीतल्या एका बिल्डरांचं काय? (क्लायंट नाहीत, नाहीतर लिहिलं नसतं.) मुलीच्या लग्नाचे दागिने त्याच ग्रुपच्या दुकानातून घेतले आणि तीन आठवड्यांत घड्याळ हातात. दोन महिन्यांनी हातात नव्हतं. विचारलं तर म्हणाले, “अडीच लाख सुटत होते, दिलं काढून.” आणि दलाल कोण, तर मी. मी, जी ते मरेपर्यंत घालणार आहे.

यादी गुप्त ठेवायची गरज नाही, हे आपल्या देशात रेल्वेलाही कळतं. तिकिटावर वेटिंग ४७ लिहून येतं, उद्या ३१ होतं, चार्ट लागला की कळतं गाडीत बसायचं की घरी जायचं. म्हाडा घरांची सोडत काढते, लोक शिव्या घालतात, पण निकाल सगळ्यांसमोर लागतो. कॅम्पात कयानीच्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी उभं राहा, पुढच्याने पाच पुडे उचलले आणि आपल्या वेळेला संपले तर चरफडतो खरं, पण रांग दिसते, पुढची डोकी मोजता येतात. त्या गालिच्यावर मात्र मी एकटीच उभी होते आणि तरीही माझ्या पुढे किती जण आहेत ते मला कळत नव्हतं.

तर आठ महिने झाले. मध्ये दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ‘नोंद आहे मॅडम’. शेवटी गेल्या महिन्यात रीतसर ईमेल केला, मराठीत. अ) माझी नोंद कोणत्या तारखेची आहे, ब) आजमितीस माझा क्रमांक कितवा आहे, क) क्रमांक देण्याची पद्धत नसल्यास तसे लेखी कळवावे. कळावे.

उत्तर नाही. मात्र परवा नवऱ्याच्या मोबाइलवर मेसेज आला: ‘सर, मॅडमचा बर्थडे जवळ आलाय. त्यांच्यासाठी लेडीज कलेक्शनमधून काही खास?’ त्याचा नंबर यांच्याकडे कसा, म्हणून डोकं खाजवलं, तर त्या दिवशी गाडी पार्क करायला दिलेल्या पोराने वहीत लिहून घेतला होता.

सोमवारी स्मरणपत्र जातंय. प्रत त्यांच्या मुंबई ऑफिसला.