एक स्टार मान्य, पण कुंडीखालची थाळी आधी रिकामी करा

नमस्कार ताई,

आमच्या नर्सरीला एक स्टार देताना तुम्ही लिहिलेली तक्रार थोडक्यात अशी: टोमॅटोची सहा रोपं, एक मोगरा आणि तयार मातीची पिशवी नेलीत. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलंत, खालून दोन चमचे डीएपी हे रासायनिक खतही दिलंत. तरी पंधरा दिवसांत टोमॅटोने माना टाकल्या, मोगऱ्याची पानं पिवळी पडून गळाली, आणि पिशवीत 'माती कसली, नुसता नारळाचा भुसा' निघाला.

भुशाचं बरोबर आहे. त्या पिशवीत निम्म्याहून जास्त कोकोपीट असतं, बाकी गांडूळखत आणि थोडी लाल माती. वरच्या मजल्यावर न्यायला हलकं पडावं म्हणून ते तसं करतात. पण कोकोपीटचा वरचा थर लवकर सुकून फिकट दिसतो आणि आत मात्र चिक्कार ओल असते. बघणाऱ्याला वाटतं, झाड तहानलंय. हे पिशवीवर छापलेलं नाही, काउंटरवरही तुम्हाला कुणी सांगितलं नाही. चूक आमची, पिशवीचे पैसे परत घेऊन जा.

रोपंच रोगट होती, हे मात्र पटत नाही. तुमच्या तिसऱ्या फोटोत कुंडीखालची थाळी काठोकाठ भरलेली आहे आणि मातीवर हिरवं शेवाळ धरलंय. एखाद दिवस पाणी जास्त झालं म्हणून शेवाळ धरत नाही. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून भरल्या कुंडीतही रोप मान टाकतं. ते बघून आपण आणखी पाणी घालतो. खात्री करायची असेल तर मेलेलं एक रोप उपटा आणि मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा. साल सुटून दोऱ्यासारखी शीर उरली तर मूळ कुजलंय. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं.

आता कुंडी उलटी करून बघा. बऱ्याच प्लॅस्टिकच्या कुंड्यांना तळाशी छिद्रांच्या नुसत्या खुणा असतात, त्या आपण फोडायच्या असतात. स्क्रू-ड्रायव्हर तापवून पेन्सिल जाईल एवढी चार-पाच छिद्रं पाडा. तळाला विटांचे तुकडे घातल्याचं तुम्ही लिहिलंय. घरोघरी तसंच करतात, पण त्याने निचरा वाढत नाही. पाणी मातीतच, तुकड्यांच्या वर अडकतं आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. छिद्रावर एक खापरी पुरे.

मोगरा वाचू शकतो. कुंडीतून काढा, काळी-मऊ मुळं कात्रीने कापा, तेवढ्याच प्रमाणात फांद्याही छाटा. आठ इंची कुंडी घ्या. मोठ्या कुंडीत थोड्या मुळांभोवती ओल बसून राहते. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, अर्धा भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढं मिश्रण करा. तुमच्या पिशवीतलं उरलेलं एक भाग यात चालेल. निफाडकडच्या शेतातली काळी माती कुणी देऊ केली तर कुंडीसाठी नको. ओली असताना चिकटते, सुकली की भेगा पडतात.

आठ-दहा दिवस सावलीत ठेवा आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत बंद. दोन चमचे डीएपी एवढ्याशा कुंडीला फार होतं, क्षारांनी मुळं करपतात. आपल्याकडे द्राक्षबागेसाठी आणलेलं खत घरच्या कुंड्यांपर्यंत पोचतंच, पण तिथला डोस इथे चालत नाही. पालवी आल्यावर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत एक लिटर पाण्यात १ ग्रॅम, १५ दिवसांतून एकदा, एवढंच.

पाणी रोज ठरलेल्या वेळी घालू नका. तर्जनी दोन पेरं आत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कोरडं लागलं तर सकाळी खालून पाणी येईपर्यंत सावकाश घाला आणि अर्ध्या तासाने थाळी ओता. पावसाळ्यात थाळी काढूनच टाकलेली बरी, डासही होणार नाहीत. मातीवर उडणारी बारीक काळी चिलटं याच ओलीमुळे येतात. वरचा इंचभर थर सुकू द्या आणि पिवळा चिकट सापळा लावा. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो.

टोमॅटोची सहाही रोपं एकाच बारा इंची कुंडीत दिसतात. त्या कुंडीत एकच लावायचं, तेही खालची पानं खुडून खोडाचा थोडा भाग मातीत जाईल असं. गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. शिवाय सहा तास थेट ऊन हवं. तुमच्या गॅलरीत फक्त सकाळचं तीन-चार तासांचं ऊन येत असेल तर टोमॅटोचा हट्ट सोडा, पालक, पुदिना, अळू लावा. ऊन पुरेसं असेल तर घटस्थापनेच्या आसपास या, दोन रोपं आमच्याकडून. आणखी उशीर केला तर फळ धरायच्या वेळी नाशिकची थंडी आडवी येते.

मोगरा महिन्याभरात फुटला नाही तर बदलून देऊ. कुंडी उचलून आणू नका, मुळांचा फोटो दाखवला तरी चालेल. सोमवारी बंद असतं.