पाहुण्याला धबधबा नको, रान दाखवा

पाऊस लागला की गोव्याबाहेरच्या मित्रमंडळींचे फोन सुरू होतात. "येतोय रे, दूधसागर करू." माझं उत्तर ठरलेलं असतं. ये, पण दूधसागर नाही. त्या धबधब्याकडे रुळांवरून चालत जायला रेल्वेची मनाई आहे. २०२३ च्या जुलैत तिथे पकडलेल्या पोरांना उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत, तरी हौस फिटत नाही. त्याच महिन्यात नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी घातली. पुढे काही खुले झाले. लोक पुन्हा डुंबायला लागले.

धबधब्यांशी माझं वैर नाही. पण गोव्यातला ट्रेक म्हणजे धबधबा, हे आपणच लोकांच्या डोक्यात भरवलंय. मग माणूस मान खाली घालून तासभर चालतो, पाण्यात उतरतो, रील काढतो आणि परत. वाटेत काय होतं विचारा, सांगता येणार नाही.

यंदा पुण्याचा मित्र आला होता. राजगड-तोरणावाला गडी. त्याचा पहिला प्रश्न, "उंची किती?" त्यांच्याकडे चढून वर पोचलं की काम फत्ते. आपल्या सत्तरी तालुक्यात तसं नाही. गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सोसोगड, तेही जेमतेम हजार मीटरच्या वर. कळसूबाईवाल्यांना ते कौतुक काय सांगणार! आपली श्रीमंती पायथ्याशी, ओहोळांत, चिखलात आहे.

म्हणून त्याला बांबर गावच्या निरंकार देवाच्या राईत नेलं. तिथे रानजायफळाची झाडं पाणथळ जागेत उभी आहेत. अशी दलदल सह्याद्रीत आता मोजक्याच ठिकाणी उरलीय. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती गुडघा दुमडावा तशी वर येतात, वाकतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. सगळीकडे नुसते गुडघे. काही झाडांना बुंध्यापासून सुटलेली आधारमुळं, त्यांच्या खालून पाणी वाहतंय. आमचा गडी तिथेच उकिडवा बसला आणि किती वेळ उठेना. पायावर जळू चढली तरी पत्ता नाही. हे रान टिकलं ते देवामुळे. निरंकाराच्या राईतली फांदी तोडायची नाही, हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाळलंय. कायदा फार नंतर आला.

सोबत गावातले काका होते. कमरेला कोयता, पायात साधी प्लास्टिकची चप्पल, आणि आमच्या महागड्या बुटांपेक्षा त्यांचा पाय पक्का. मित्राच्या मोबाइलमध्ये वाटेचा नकाशा होता, रेंज नव्हती. काका मध्येच थांबले, ओहोळावर वाकलेल्या फांदीकडे बोट केलं. पानांना चिकटलेला पांढरा फेस. उडत्या बेडकाची अंडी. पिल्लं फुटली की थेट खालच्या पाण्यात पडतात. नकाशात हे कुठे दिसतं?

मित्राने वाघाचं विचारलं, तेव्हा काका जरा गप्प झाले. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतल्याच म्हादई अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले, विषाने मारलेले. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. गावकऱ्यांचं म्हणणं वेगळंच. अभयारण्य झालं १९९९ ला, पण आमच्या जमिनींचे दावे अजून लोंबकळताहेत, त्याचं काय? मला वाघ हवेत. आणि काकांच्या काजूच्या बागेचा कागदही त्यांच्या हातात पडायला हवा. पणजीत बसून यातलं एकच मागणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

तर पाहुणा आला की गावातला माणूस सोबत घ्याच. अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी काढा. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखू ठेवा, स्पीकर घरी ठेवा. पावसाचा जोर असेल त्या दिवशी ओहोळ ओलांडायचा हट्ट नको, पाणी वरच्या डोंगरात पडतं आणि इथे बघता बघता चढतं.

आणि त्या माणसाशी पैशांची घासाघीस करू नका. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बिल न बघता कार्ड काढून देणारे इथे शंभर रुपयांसाठी हुज्जत घालतात, ते मला तरी बघवत नाही.