वेगळा प्रीअ‍ॅम्प नसला की स्टिरिओ अर्धवट? साफ चूक

इंदिरानगरच्या माझ्या मामांना रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आला आणि मंगळवारी ते ४० हजारांच्या प्रीअ‍ॅम्पची चौकशी करून आले. निवृत्तीचे पैसे आहेत ते. प्रीअ‍ॅम्प म्हणजे कुठलं यंत्र ऐकायचं ते निवडणारा आणि आवाज कमीजास्त करणारा भाग; त्यापुढचा पॉवर अ‍ॅम्प स्पीकर वाजवतो. मेसेजचं म्हणणं असं: इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्रीअ‍ॅम्प नसतो, म्हणून सीडीचा सिग्नल कमजोर पडतो, वेगळा प्रीअ‍ॅम्प लावला की आवाजात ताकद येते, विजेच्या चढउतारातही तो स्वच्छ राहतो, आणि रेकॉर्ड प्लेअर असेल तर प्रीअ‍ॅम्प हवाच.

पहिलंच वाक्य धादांत खोटं. प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प एकाच डब्यात, त्यालाच तर इंटिग्रेटेड म्हणतात. मामा रोज आवाज कमीजास्त करतात, सीडीवरून रेडिओवर येतात, बास-ट्रेबल फिरवतात, ते सगळं त्यातल्या प्रीअ‍ॅम्पचंच काम.

‘कमजोर सिग्नल’ वाचून मात्र माझं डोकंच फिरलं, कारण उत्तर मामांच्या कपाटातच होतं. अ‍ॅम्पच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानावर छापलंय: सीडी इनपुटची सेन्सिटिव्हिटी २०० मिलिव्होल्ट. म्हणजे आवाजाचं बटण पूर्ण उघडलं, तर एवढ्याशा सिग्नलवर अ‍ॅम्प आपली सगळी ताकद देतो. सीडी प्लेअर कमाल किती देतो? साधारण २ व्होल्ट. दहा पट! म्हणून तर बटण थोडंसं फिरवलं तरी घर दणाणतं. यात आणखी वाढवायचं काय?

बरं, जोडणार कुठे? या अ‍ॅम्पला मागे ‘मेन इन’, म्हणजे थेट पॉवर अ‍ॅम्पकडे जाणारं सॉकेट, नाही. प्रीअ‍ॅम्पची वायर शेवटी ऑक्समध्येच, म्हणजे सीडीसारख्याच एका जादा इनपुटमध्ये, जाणार. प्रीअ‍ॅम्पमागे प्रीअ‍ॅम्प, आवाजाची दोन-दोन बटणं, आणि पहिल्यातला सूं-सूं आवाज दुसरा वाढवणार. चाळीस हजार मोजून आवाज बिघडवून घ्यायचा!

विजेचं म्हणाल तर प्रीअ‍ॅम्पही भिंतीतल्या त्याच प्लगवर चालतो. दाब घसरत असेल तर स्टॅबिलायझर घ्या.

रेकॉर्ड प्लेअरबद्दल अर्धं खरं आहे, मान्य. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (रेकॉर्ड प्लेअरचा सुई बसवलेला भाग, नेहमीच्या चुंबकाच्या प्रकारातला) जेमतेम ५ मिलिव्होल्ट देतं. शिवाय तबकडी कापताना बास दाबलेला आणि ट्रेबल चढवलेला असतो. तो वाजवताना १९५४ साली ठरलेल्या आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) वक्राप्रमाणे सरळ करावा लागतो. पण हे काम फोनो, म्हणजे खास रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या, प्रीअ‍ॅम्पचं. मेसेजमधला लाइन, म्हणजे सीडी-रेडिओच्या सिग्नलसाठीचा, प्रीअ‍ॅम्प ते करतच नाही. आणि हो, तुमच्याकडे नुसता पॉवर अ‍ॅम्प असेल, त्यावर दोन-तीन यंत्रं चालवायची असतील, तर प्रीअ‍ॅम्प जरूर घ्या. एकच डॅक (डिजिटल गाण्यांचा अ‍ॅम्पला चालणारा सिग्नल करणारं यंत्र) असेल आणि त्यालाच आवाजाचं बटण असेल, तर तिथेही अडत नाही.

काल फोनवरून मामांना अ‍ॅम्प फिरवून मागे बघायला लावलं. ‘फोनो’ लिहिलेली दोन सॉकेट्स, शेजारी अर्थिंगचा स्क्रू. म्हणजे फोनो प्रीअ‍ॅम्पही आतच आहे. “अगं, रेकॉर्ड प्लेअर इथेच लावलाय की!” इतकी वर्षं तिथेच होता. तबकड्या खरखरतात त्या सुई झिजलीय म्हणून. शनिवारी ती बदलतोय.