'आज शाळेला सुट्टी आहे का?'

मंगळवारी सकाळी अकराला मुलांना घेऊन घराबाहेर पडलं की हा प्रश्न येतोच. रिक्षावाले काका विचारतात, मंडईतल्या मावशी विचारतात, पाताळेश्वर लेण्याच्या फाटकावर बसलेले पहारेकरी विचारतात. माझी थोरली बारा वर्षांची, धाकटा आठचा. दोघंही सरळ सांगतात, "आम्ही घरीच शिकतो." मग समोरचं माणूस माझ्याकडे बघतं आणि पुढचा प्रश्न मला असतो. "मग ही मुलं चारचौघांत मिसळणार कशी?"

साडेचार वर्षं मी याचं उत्तर देते आहे. आधी राग यायचा. आता येत नाही, कारण या प्रश्नात काहीतरी खरं आहे हे मला उशिरा का होईना समजलं. त्याबद्दलच लिहायचं आहे. लांबेल, पण वाचा.

थोरली दुसरीत असताना रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. रविवारी पोट ठणठणीत असायचं. शाळेला दोष देत बसायची माझी इच्छा नाही, तिच्याच वर्गातली इतर मुलं आनंदात होती. आम्ही वर्षभरासाठी म्हणून तिला घरी ठेवलं आणि ते वर्ष संपलंच नाही.

सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना हे फार लागलं. "अगं, ज्या पुण्यात १८४८ साली सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा चालवली, लोकांनी फेकलेलं शेण अंगावर घेतलं, त्याच पुण्यात तू पोरीला शाळेतून काढतेस?" आठ दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी सकाळी त्यांनीच थोरलीला हाक मारली, "ये गं, पाढे म्हणू." तेव्हापासून गणित आणि मराठी त्यांच्याकडे आहे. त्यांचं म्हणणं मात्र त्यांनी मागे घेतलेलं नाही, आणि घेऊ नये असंच मला वाटतं.

दिवस कसा जातो हे सगळे विचारतात, म्हणून सांगते. सकाळी साडेसहाला तळजाईच्या टेकडीवर. धाकट्याच्या वहीत पक्ष्यांची यादी असते: कोतवाल, तांबट, वेडा राघू आणि रोजचे मोर. पोहे-चहा झाला की दोन तास आजींकडे. पुस्तकं बालभारतीचीच, अप्पा बळवंत चौकातून आणलेली. बारानंतर ज्याचं त्याचं काम. थोरली सध्या शिवणयंत्रावर पिशव्या शिवते, धाकटा सायकलची चेन काढून परत बसवतो. मी दुपारी अनुवादाचं काम करते, तेव्हा घरात शांतता हवी असते आणि ती कधी असते, कधी नसते.

बुधवार मात्र ठरलेला. आमच्यासारखी बारा घरं आहेत, धनकवडीपासून बाणेरपर्यंत विखुरलेली. दर बुधवारी एक घर पुढाकार घेतं. एकदा मुलांना दोनशे रुपये देऊन मंडईत सोडलं आणि पंधरा जणांच्या भाजीचा बाजार करून आणायला सांगितला. पाताळेश्वरच्या गोल नंदीमंडपाभोवती दोरी धरून मुलांनी परीघ मोजला, मग व्यास, आणि भागाकार तीनच्या थोडा पुढे गेल्यावर एक मुलगा इतक्या जोरात ओरडला की ध्यानाला बसलेले आजोबा उठून आले. त्यांना सगळं सांगितल्यावर तेही दोरी धरून उभे राहिले.

केळकर संग्रहालयाचा बुधवार माझा सगळ्यात आवडता. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत तिथे. सगळं बघायला गेलं की काहीच दिसत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, एका तासात प्रत्येकाने एकच वस्तू बघायची, चित्र काढायचं, आणि तिच्याबद्दल तीन प्रश्न लिहायचे. कुणी अडकित्ता घेतला, कुणी दिवा. त्या दिवशी आई, म्हणजे सासूबाई, सोबत होत्या. धाकट्याने बाहेरून दिमाखदार आणि खालून खरखरीत असलेली एक छोटी वस्तू निवडली आणि ती काय आहे ते त्याला कळेना. आई काचेपाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "अरे, वज्री आहे ही! टाचा घासायची." मग सगळी मुलं त्यांच्याभोवती गोळा. त्यांच्या माहेरी वज्री कुठे ठेवलेली असे, त्यांची आजी न्हाणीघरात दगडावर बसून टाचा कशा घासत असे, त्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकून पोरींना आजीची अंघोळ चालली आहे हे कसं कळत असे. अर्धा तास त्या बोलत होत्या. बत्तीस वर्षं वर्गात शिकवलेली बाई त्या दिवशी घरी येताना म्हणाली, "मला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं."

हे सगळं छान आहे. खोटं काहीच नाही. आणि तरीही यातच अडचण आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी मला एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं, "ताई, माझी पोरगी दहावी व्हावी म्हणून मी पाच घरची भांडी घासते. तुम्ही चांगली चालू शाळा सोडवली. म्हणजे नेमकं कसं?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मी काहीतरी बोलले, पण मलाच ते पटलं नाही. घरी एक शिक्षिका आजी, घरून करता येणारं काम, नवऱ्याचा पगार, पुस्तकं विकत घेण्याची ऐपत, या चार खांबांवर आमचं घरचं शिक्षण उभं आहे. मावशींच्या लेकीसाठी शाळा हीच एक वाट आहे. म्हणून मी कुणालाही "शाळा सोडा" असं सांगत नाही, आणि जे सांगतात त्यांचं मला पटत नाही.

त्या रात्री मी आमच्या बारा घरांची मनातल्या मनात यादी केली. इंजिनिअर, वास्तुविशारद, डॉक्टर, दोन प्राध्यापक. सगळ्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं, सगळ्यांची मुलं जवळपास सारख्याच भाषेत बोलणारी. माझी मुलं आठवड्यात वीस मुलांत मिसळत होती, पण ती वीसही मी निवडलेली होती. शाळेतल्या बाकावर शेजारी कोण बसेल हे आईबाप ठरवत नाहीत. ते नशिबाने मिळतं आणि त्यातून मूल खूप काही शिकतं. माझ्या लहानपणी माझ्या बाकावर एका हातगाडीवाल्याची मुलगी होती. उसाचा रस काढणारं गुऱ्हाळ उन्हाळा संपल्यावर कुठे जातं, हे मला तिच्यामुळे कळलं. माझ्या मुलांच्या वाट्याला ही मुलगी कुठून येणार होती?

तेव्हापासून आम्ही बुधवार कमी महत्त्वाचा आणि शनिवार जास्त महत्त्वाचा मानायला लागलो. दर शनिवारी संध्याकाळी पाचला सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी घालून वाचन होतं. सगळ्यांसाठी. सोसायटीतली शाळेत जाणारी मुलं येतात, वॉचमन काकांचे दोघं येतात, समोरच्या बांधकामावरच्या कामगारांची तीन-चार मुलं येतात, मावशींची लेक येते. पहिल्या महिन्यात काही जणांनी कमिटीकडे तक्रार केली, बाहेरची मुलं आत नकोत म्हणून. त्यावर तासभर मीटिंग झाली. शेवटी आई उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या की शिक्षिका मी आहे, जबाबदारी माझी. आता तक्रार करणाऱ्यांतल्या एका काकूंची नातही येते.

मावशींची लेक आठवीत आहे आणि थोरलीपेक्षा कितीतरी वेगाने वाचते. थोरलीला याचं आधी वाईट वाटलं. मग ती रोज अर्धा तास मोठ्याने वाचायला लागली. मी सांगितलं नव्हतं. बांधकामावरची मुलं घरी कानडी बोलतात, त्यांच्याकडून धाकट्याने शंभरपर्यंत आकडे शिकून घेतले. ती मुलं दिवसभर काय करतात हे त्यानेच आम्हाला सांगितलं. मग त्याचे वडील आणि आजी जाऊन त्या मुलांच्या आईवडिलांशी बोलले, आणि जूनमध्ये त्यातली दोघं महापालिकेच्या शाळेत दाखल झाली. शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, मूल वयानुसार योग्य त्या वर्गात कधीही घेता येतं. शाळा सोडलेल्या घरातली आजी दोन मुलांचं बोट धरून त्यांना शाळेत घेऊन गेली, आणि यात काही विसंगती आहे असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नाही. ज्याला जे हवं ते मिळायला हवं. कोसबाडला शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, कारण मुलं येत नव्हती तर शाळा त्यांच्याकडे न्यायला हवी होती.

आषाढात पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात, तेव्हा आम्ही दोन्ही दिवस नाना पेठेत असतो. गेल्या वर्षी थोरली चपला शिवणाऱ्या काकांशेजारी बसून दोरा मेणात ओढून देत होती. परभणीकडच्या एका आजींनी तिला विचारलं, "कितवीला गं तू?" ही म्हणाली, "शाळेत नाही जात." आजी म्हणाल्या, "मी बी न्हाई गेले." आणि दोघी हसल्या. मला त्या हसण्यात बरंच काही ऐकू आलं. एकीला जाता आलं नव्हतं आणि दुसरी जात नाही. घरी येताना मी थोरलीशी या फरकाबद्दल बोलले. तिला ते समजलं, थोडी गप्प झाली.

एकटेपणाही आहे, तो लपवणार नाही. मार्चमध्ये परीक्षा लागल्या की संध्याकाळचं मैदान ओस पडतं आणि आमची दोघं एकमेकांकडे चेंडू टाकत बसतात. थोरली नऊ वर्षांची असताना जूनच्या पहिल्या पावसात गॅलरीत उभी राहून रेनकोट घालून शाळेत चाललेल्या पोरांकडे बघत रडली होती. "जायचंय का तुला?" विचारलं. मान हलवून नाही म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "दप्तर हवंय." त्याच दिवशी आणलं. अजून तेच वापरते. दर जूनमध्ये आम्ही तिला परत विचारतो, कारण दार उघडं आहे हे तिला माहीत असायला हवं. पुढे दहावी मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून द्यायचा विचार आहे. त्याला चौदा वर्षं पूर्ण लागतात.

आता एक मागणी, आणि ती मनापासून आहे. थोरली तीन वर्षं दोरीचा मल्लखांब करते. आठवड्यातून पाच दिवस. गेल्या हिवाळ्यात तिच्या वयोगटाची एक स्पर्धा होती. फॉर्मवर 'शाळेचे नाव' आणि 'मुख्याध्यापकांची सही व शिक्का' असे रकाने होते. जन्मदाखला दिला, आधार दिलं, तिच्या सरांनी पत्र दिलं. नियमात बसत नाही म्हणून तिला घेतलं नाही. बाकीची मुलं सलामी देऊन दोरीवर चढत होती आणि ती खाली बसून त्यांचे गुण वहीत लिहीत होती. उलट २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या त्या पंचेचाळीस मीटरच्या अजस्र अँटेनांखाली ही दोघं उभी होती, तेव्हा कुणी त्यांना शाळेचं नाव विचारलं नाही. एका शास्त्रज्ञ ताईंनी धाकट्याच्या सात प्रश्नांची सात उत्तरं दिली.

मुलांसाठी स्पर्धा, शिबिरं, वाचनालयं चालवणारे तुमच्यापैकी अनेक जण ही पोस्ट वाचत असतील. वयाचा पुरावा जन्मदाखल्याने होतो. शाळेचा रकाना ठेवा, पण तो रिकामा सोडायची मुभा द्या. आमच्यासारखी मोजकी मुलं सोडून द्या. गावं बदलणारी ऊसतोड कामगारांची मुलं, वीटभट्टीवरची मुलं, आजारपणामुळे वर्षभर घरी असलेली मुलं, ही सगळी त्याच रकान्यापाशी अडतात.

या शनिवारी पाचला वाचन आहे. पुस्तक धाकट्याने निवडलंय, पक्ष्यांचं. वॉचमन काकांचा मुलगा मोठ्याने वाचणार आहे, त्याने तशी आठवडाभर तयारी केली आहे. पावसाची चिन्हं आहेत, पण पार्किंगला छत आहे. आजूबाजूच्या कुठल्याही मुलाला घेऊन या.