‘पुढची पिढी श्रीमंत असेल, तिचं ती बघेल’ म्हणणाऱ्यांना

कुटुंबाच्या ग्रुपवर दादानं एक फॉरवर्ड टाकला आणि अकरावीतली माझी मुलगी म्हणाली, “बरोबरच आहे की!” म्हणून हे लिहिणं भाग पडलं. मेसेजचा सूर असा: हवामान बदलाला तोंड देण्यासाठी आज खर्च कशाला? नातवंडं आपल्यापेक्षा श्रीमंत असतील, तोच पैसा आज गुंतवला तर शंभर वर्षांत कितीतरी पट होईल. शिवाय प्रदूषण केलं गोऱ्यांनी.

आधी व्याजाचं गणित. शंभर वर्षांनंतरचं १०० रुपयांचं नुकसान वर्षाला ७ टक्के व्याज धरून आजच्या किमतीत आणलं, तर ते साडेअकरा पैसे; म्हणजे आज तेवढेच गुंतवले तर तेव्हा १०० रुपये होतात. हवामान बदलाच्या खर्चावरच्या २००६च्या अहवालात ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी धरलेल्या १.४ टक्के दरानं तेच जवळजवळ २५ रुपये भरतं. म्हणजे दर निवडला की उत्तर ठरलंच. आणि पुराचं पाणी वाहून नेणारा नाला, समजा, आज न बांधता वाचलेला पैसा नातवंडांच्या नावानं ठेवला कुणी? तो त्याच वर्षी दुसरीकडे खर्च होतो.

आता ‘तिचं ती बघेल’. या वाक्यानं माझं डोकं फिरतं, कारण मुंबईनं हे करून पाहिलंय. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या ब्रिटिशकालीन गटारांची क्षमता ताशी २५ मिलिमीटरवरून ५० वर न्यायचा ‘ब्रिमस्टोवॅड’ आराखडा १९९३ साली तयार होता. खर्च ६१६ कोटी. पैसा नाही म्हणून तो पडून राहिला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस त्या आराखड्यालाही पेलला नसता, हे मान्य. पण पाणी लवकर ओसरलं असतं. नंतर त्याच कामाचा खर्च बाराशे कोटींवर गेला. ती वाढ निव्वळ महागाईची, असंही धरू. कुर्ल्या-कलिन्यात तळमजल्यावर ज्यांचा संसार वाहून गेला, ज्यांची माणसं गेली, त्यांचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा? १९९३ला जन्मलेलं मूल तेव्हा बारा वर्षांचं होतं. ‘पुढची पिढी’ इतक्या लवकर येते. आणि सरासरी उत्पन्न वाढलं, तरी मिठी नदीकाठच्या झोपडीतलं मूल त्या सरासरीत राहत नाही.

श्रीमंतीचं म्हणाल, तर देश श्रीमंत होईलही. पण खारं झालेलं विहिरीचं पाणी आणि वाहून गेलेली माती पैसे मोजून परत मिळत नाही.

गोऱ्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजानं मान्य करते. आजवरच्या एकूण उत्सर्जनात भारताचा वाटा लहान आहे. भरपाई मागायलाच हवी, आणि जोरात. पण ती येईपर्यंत आपल्या गल्लीतलं पाणी उपसायला पंप आपल्यालाच बसवायचेत. ब्रिमस्टोवॅडमधल्या आठ पंपिंग स्टेशनांपैकी मोगरा आणि माहुल ही दोन २००५नंतरही वर्षानुवर्षं रखडली.