जुनी व्हॅल्यू दाखवा, एवढंच विचारलं होतं

आज आणखी एका ऑडिट टूलचा, म्हणजे डेटाबेसमध्ये कोणी काय बदललं ते नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेमो बघितला आणि डोकं अजून ठणकतंय. तासभर नुसता डॅशबोर्ड. कोण कुठून लॉगिन झालं त्याचे नकाशावर ठिपके, लाल-हिरवे आलेख, रिस्क स्कोअर, आणि हल्ली सगळीकडे चिकटवतात ते एआय. सगळं संपल्यावर मी एकच मागितलं: एका पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक कोणीतरी थेट टेबलात बदलला असं धरा. आधी काय होता, आता काय आहे, कोणी बदलला, दाखवा. विक्रेत्याच्या माणसाने अपडेटची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली बदलाची आज्ञा, दाखवली. म्हटलं, ही क्वेरी झाली, जुनी व्हॅल्यू कुठेय? "ती रोडमॅपवर आहे, मॅडम." बरं, कोणी बदलला? तिथे ॲप्लिकेशनचं लॉगिन. अहो, कनेक्शन पूल आहे तो, अख्खी कंपनी त्याच एका युजरने डेटाबेसला जाते! आणि ज्याच्या हाती कॉन्फिग फाइल आहे त्याच्या हाती त्याचा पासवर्डही आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण सेटिंग्जच्या पहिल्याच पानावर एक बटण होतं: ऑडिट चालू, ऑडिट बंद. त्याने ते दाबून दाखवलं, अभिमानाने, "सर्व्हरवर लोड आला तर तात्पुरतं बंद करता येतं" म्हणून. बटण कोणी, कधी दाबलं याची नोंद? नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा एडिट लॉग तारखेसह हवा आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. आधी २०२१, मग २०२२ अशी मुदत दोनदा ढकलल्यावर लागू झालेला. डेटाबेसमध्ये थेट केलेल्या बदलांचं काय, हे ऑडिटर आता अहवालात लिहितात. आणि हा माणूस मला बंद करायचं बटण विकतोय! त्यावर आमचे साहेब काय म्हणाले? "यूआय छान आहे पण."

यूआय! स्क्रीनचं रूप बघून चोर पकडणार आहोत का आपण?

बरं, फुकटचं घ्या म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. पोस्टग्रेस (फुकट मिळणारा डेटाबेस) म्हटलं की लगेच "पीजीऑडिट टाका". ते चांगलं एक्स्टेन्शन आहे, पण ते स्टेटमेंट, म्हणजे चालवलेली क्वेरी, लॉग करतं. सगळ्यांची क्रेडिट लिमिट १० टक्क्यांनी वाढवणारी एक क्वेरी कोणी चालवली तर ती क्वेरी मिळेल. कोणाची किती होती ते मिळणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसचं सीडीसी (बदल टिपणारी सोय) २००८ पासून आहे, आधीची-नंतरची ओळ देतं, पण युजरचं नाव देत नाही. टेम्पोरल टेबलं, म्हणजे ओळींच्या जुन्या आवृत्त्या जपणारी टेबलं, तीही देत नाहीत. मायएसक्यूएल डेटाबेसचं स्वतःचं ऑडिट प्लगइन हवं तर एंटरप्राइज आवृत्तीचे पैसे मोजा.

मग कोणीतरी कॉन्फरन्सहून ताजं येतं: डेबेझियम लावूया, डेटाबेसमधले बदल सतत बाहेर पाठवणारं टूल. लावा! पोस्टग्रेसमध्ये टेबलाची 'रेप्लिका आयडेंटिटी' ही सेटिंग फुल केली नाही तर अपडेटमध्ये जुनी ओळ येतच नाही, हे आधी वाचा. वाचणारी बाजू शनिवारी रात्री बंद पडली की रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे तिने कुठवर वाचलं याची खूण, बदलांच्या नोंदींच्या वॉल फाइली धरून ठेवतो, डिस्क भरते आणि प्रॉडक्शन आडवं होतं. पोस्टग्रेस १३ पासून मर्यादा घालता येते, पण ती घातली नाहीत तर फाइली अमर्याद साठतात, आणि घातलीत तर स्लॉट बाद होऊन मधले बदल हुकतात. ऑडिटला भोक. हे भोगलेल्या कोणालाही विचारा.

राहता राहिले ट्रिगर, टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड. मला अजूनही तेच पटतात, जुनी आणि नवी ओळ जेसन या मजकूर-स्वरूपात वेगळ्या टेबलात, आणि ॲपने प्रत्येक ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला खरा युजर सेट करायचा. "ट्रिगर जुनाट आहेत" म्हणणाऱ्या पोरांना मी ऐकून घेत नाही. पण सुपरयुजर (सगळे हक्क असलेला युजर) एका सेटिंगने ते गप्प करू शकतो आणि ट्रंकेटला, म्हणजे अख्खं टेबल एकदम रिकामं करण्याला, ओळीवरचा ट्रिगर चालतच नाही, म्हणून लॉग दुसऱ्या सर्व्हरवर, डीबीएचा (डेटाबेस सांभाळणाऱ्याचा) हात पोचणार नाही असा हवा. हे विचारलं की विक्रेत्यांचे चेहरे कोरे. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हातात नोंदवही देणारं टूल कशाला घ्यायचं?

संध्याकाळी कोटेशन आलं. सर्व्हरच्या प्रत्येक प्रोसेसर कोअरमागे वार्षिक भाडं, लॉग बाहेर काढायला वेगळे पैसे. आमचा डेटा, आमची डिस्क, आणि काढायला पैसे यांना! हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची असा कायदा आहे, यांच्या पॅकेजमध्ये लॉग नव्वद दिवस. मी कारणांसकट नकार लिहून पाठवून दिलाय, साहेबांना सीसी ठेवून.