हिरड्यांतून येणारे रक्त जंतूंना अडवत नाही, पोसते

माझ्या आईने नऊ दिवस दातांना ब्रश लावला नाही. तिला व्हॉट्सॲपवर आलेला संदेश असा होता: हिरड्यांतून रक्त आले की दात घासणे थांबवा, दूषित रक्त वाहून जाऊ द्या, मिठाच्या गुळण्या करा, रक्तातील प्रथिनांचे दातांवर कवच बसते आणि मग जंतू चिकटत नाहीत.

‘दूषित रक्त’ असे काही नसते. हिरडीत तेच रक्त असते, जे बोटात असते.

कवचाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. प्रयोगशाळेत एखाद्या पृष्ठभागावर अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाचा लेप दिला, तर अनेक जिवाणू त्याला कमी चिकटतात, हे मान्य करावेच लागेल. परंतु सुजलेल्या हिरडीतून दाताच्या कडेला जो द्रव झिरपतो, त्यात फायब्रिनोजेन (रक्त गोठण्यासाठी लागणारे प्रथिन) आणि फायब्रोनेक्टिन (पेशींना चिकटून राहायला मदत करणारे प्रथिन) हेही असतात, आणि पायोरियातील प्रमुख जिवाणू पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस आपल्या केसासारख्या तंतूंनी नेमकी हीच प्रथिने पकडतो. त्याची जिंजिपेन नावाची विकरे ही प्रथिने कापतात, तेव्हा त्यांतील झाकलेल्या जागा उघड्या पडतात आणि तंतूंची पकड आणखी घट्ट होते. शिवाय फायब्रिनोजेन तुटल्याने रक्त नीट गोठत नाही. हा जिवाणू साखरेवर नव्हे, तर प्रथिनांच्या तुकड्यांवर जगतो आणि लोह हिमोग्लोबिनमधून मिळवतो. रक्त मिसळलेल्या आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीवर, वाढवल्यास त्याच्या वसाहती काही दिवसांत काळ्या पडतात, तो काळेपणा रक्तातील हीमचाच, म्हणजे हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त भागाचाच असतो. ज्याला आपण कवच म्हणतो आहोत, ते त्याचे अन्न आहे.

ब्रश थांबवण्याचा सल्ला तर 1965 सालीच खोटा ठरला आहे. दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात स्वच्छ करणे बंद करायला लावले. 10 ते 21 दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या.

मिठाच्या गुळण्यांनी तात्पुरता आराम पडतो, पण चिकटलेला थर निघत नाही. आईच्या खालच्या पुढच्या दातांमागे तो पिवळट थर नखाने खरवडता येईल इतका जाड झाला होता. काल तिने मऊ ब्रशने पुन्हा सुरुवात केली. थोडे रक्त आले, तरीही आज सकाळी तिने दात घासले. दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही तर आम्ही दंतवैद्याकडे जाणार आहोत, कारण हिरडीखाली घट्ट झालेले किटण घरच्या ब्रशने निघत नाही.